दार तोडणारे आणि दार घडवणारे

‘सी.आय.डी.’ या मालिकेविषयी मराठीत जे लिहिले जाते, त्यातील बहुतेक लेखन ‘तुम्हांला हे ठाऊक आहे का?’ या एकाच प्रश्नाच्या खांबावर उभे असते. ठाऊक असावयाच्या गोष्टीही ठरलेल्या. मालिका २१ जानेवारी १९९८ रोजी सोनी वाहिनीवर सुरू झाली आणि २७ ऑक्टोबर २०१८ पर्यंत, म्हणजे वीस वर्षांहून अधिक काळ चालली. एसीपी प्रद्युम्न साकारणारे शिवाजी साटम पूर्वी सेंट्रल बँकेत रोखपाल होते. आशुतोष गोवारीकर ‘लगान’पूर्वी याच मालिकेत इन्स्पेक्टर म्हणून वावरत होते. दयाने आजवर किती दारे तोडली, याची गणती करणे अवघड. आणि ७ नोव्हेंबर २००४ रोजी दाखवलेला १११ मिनिटांचा एक विशेष भाग लोणावळ्यात एकदाही न थांबता, सलग एकाच दृश्यात चित्रित झाला होता व त्याची विक्रमांच्या पुस्तकांत नोंद झाली. यादी संपते, वाचक ‘अरे वा!’ म्हणतो आणि पुढच्या यादीकडे वळतो. २१ डिसेंबर २०२४ पासून मालिका पुन्हा सुरू झाली, तेव्हा या याद्यांनाही नवे पीक आले.

या याद्यांतील माहिती खोटी आहे अशी आमची तक्रार नाही. त्यातील पुष्कळशी खरी आहे आणि ती वाचताना आम्हांलाही गंमत वाटते, हे आधीच कबूल करून टाकतो. तक्रार अशी आहे की, पडद्यामागे नेतो असे सांगून हे लेखन वाचकाला पडद्यापुढेच उभे करते, आणि हळूहळू ते समीक्षेच्या जागेवर बसू लागले आहे. वीस वर्षे घराघरांत पाहिली गेलेली, दीड हजारांहून अधिक भागांची ही मालिका. कायदा, पोलीस, गुन्हा आणि शिक्षा यांविषयीच्या आपल्या कल्पना घडवण्यात तिचा वाटा किती, हा प्रश्न वाङ्मयाची आणि कलेची चर्चा करणाऱ्यांनी विचारावयास हवा होता. आम्ही तो विचारला नाही. ‘मालिका’ म्हटली की नाक मुरडावयाचे ही आमची रीत, आणि आम्ही सोडलेल्या त्या रिकाम्या जागेत याद्यांनी बिऱ्हाड थाटले. तेव्हा या लेखातील बोट अर्धे स्वतःकडेही वळलेले आहे.

प्रथम तो विक्रमच घेऊ. ‘१११’ हा आकडा या लेखांत फलंदाजाच्या धावसंख्येसारखा येतो. तो नेमका कशामुळे अवघड होता, हे मात्र कुणी सांगत नाही. पस्तीस मिलिमीटर फिल्मचे हजार फुटांचे रीळ साधारण अकरा मिनिटांत संपते. फिल्मवर काम करणाऱ्याला त्यापुढे थांबावेच लागे. आल्फ्रेड हिचकॉकने १९४८ साली ‘रोप’ केला तो याच मर्यादेत. एका सदनिकेत घडणारी खुनाची गोष्ट, दहा-दहा मिनिटांपर्यंत चालणारी दृश्ये, आणि काही जोड लपवण्यासाठी कॅमेरा कुणाच्या तरी पाठीशी नेऊन टेकवण्याची युक्ती. अवजड कॅमेऱ्याला वाट मिळावी म्हणून भिंती सरकत्या केलेल्या होत्या. कॅमेरा जवळ आला की कामगार त्या आवाज न करता बाजूला घेत, टेबल-खुर्च्या उचलत, आणि कॅमेरा परत वळण्यापूर्वी सारे पुन्हा जागच्या जागी नेऊन ठेवत. पडद्यावर निवांत मेजवानी चाललेली दिसते, आणि त्याच क्षणी चौकटीबाहेर माणसे अनवाणी पावलांच्या सावधपणाने घर हलवत असतात.

चित्रणाची यंत्रे फिल्मच्या बंधनातून सुटली तेव्हा ही अकरा मिनिटांची भिंत पडली. अलेक्सांद्र सोकुरोवचा ‘रशियन आर्क’ (२००२) हे त्याचे गाजलेले उदाहरण. २३ डिसेंबर २००१ रोजी सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात, सुमारे दोन हजार नट घेऊन, ९६ मिनिटांचे एकच दृश्य चित्रित झाले. पहिले तीन प्रयत्न मध्येच फसले, चौथा तडीस गेला. कॅमेरा अंगावर बांधून दालनांमागून दालने चाललेला टिलमान ब्यूटनर हा छायाचित्रकार त्यानंतर चित्रपटाच्या विद्यार्थ्यांना नावाने ठाऊक झाला. लोणावळ्याचा प्रयोग यानंतर तीनच वर्षांनी, ऑक्टोबर २००४ मधला, आणि तो पंधरा मिनिटांनी लांब. आमच्या याद्या हा पंधरा मिनिटांचा फरक अभिमानाने सांगतात आणि तिथेच थांबतात.

वास्तविक विचार करावयाचा तो याच्या पुढे. रहस्यकथेचा सारा व्यवहार लपवण्याचा आणि योग्य वेळी दाखवण्याचा. चित्रपटात हा व्यवहार संकलक सांभाळतो. खुन्याचा हात दाखवावा आणि चेहरा येण्याआधी दृश्य तोडावे, दाराबाहेरची सावली दाखवून लगेच दुसऱ्या खोलीत जावे, हे सारे ‘कट’च्या बळावर चालते. तो ‘कट’च काढून घेतला तर? मग कॅमेरा त्या घरातील एक माणूस होतो. त्याला एका वेळी एकाच खोलीत राहता येते. त्याला काही लपवावयाचे असेल तर तोंड फिरवावे लागते, आणि तोंड फिरवल्याचे प्रेक्षकाला दिसते. ज्या खोलीतून तो निघाला तिथे मागे काय घडले असेल, हा संशय प्रेक्षकाच्या मनात सारखा जागा राहतो. म्हणजे सलग दृश्याची निवड ही रहस्यकथेत कसरतीपेक्षा मोठी गोष्ट आहे. तिने गोष्ट सांगण्याचा करारच बदलतो. लोणावळ्याच्या त्या भागाने हा नवा करार किती पाळला आणि कुठे मोडला, हे दृश्य-दृश्य बघून सांगणारा लेख आम्हांला हवा आहे. ‘१११’ हा आकडा त्या लेखाची पहिली ओळ होऊ शकतो, शेवटची नव्हे.

दुसरा मुद्दा नटांचा. ऐंशीव्या मिनिटाला एखादा नट वाक्य विसरला तर मागची ऐंशी मिनिटे फुकट, हे खरे. पण १११ मिनिटे न थांबता भूमिकेत राहणे ही मराठी रंगभूमीवरील नटाला नवलाची गोष्ट नाही. दादरच्या शिवाजी मंदिरात ती रविवारी दुपारी आणि रात्री अशी दोनदा होते. साटम बँकेतील नोकरी करता करता नाटकाकडे आले. आंतरबँक नाट्यस्पर्धांच्या काळात मुंबईच्या बँकांनी किती नट सांभाळले आणि वाढवले, हा मराठी नाट्येतिहासातील स्वतंत्र अध्याय आहे. ‘ते पूर्वी रोखपाल होते’ या वाक्यातील आश्चर्याचा सूर म्हणूनच आम्हांला खटकतो. रोखपालाने नट व्हावे यात चमत्कार नव्हता. त्यामागे तालमी होत्या, स्पर्धा होत्या, संध्याकाळी कामावरून परस्पर तालमीच्या जागी जाणारी एक आख्खी पिढी होती. यादीने त्या पिढीला बाजूला सारले आणि ‘रोखपाल’ एवढा एक शब्द ठेवून घेतला.

आता दारांकडे वळू. दयानंद शेट्टी यांनी साकारलेल्या दयाने दार तोडणे हा या मालिकेचा सर्वांत लाडका विधी. त्यावर विनोद झाले, चित्रे झाली, लहान मुलांचे खेळ झाले. पण पडद्यावर एका धक्क्यात उघडणारे दार तसे उघडावे म्हणून आधी कुणीतरी सिद्ध केलेले असते. कडी किती सैल असावी, फळी कुठे पातळ करावी, दार पडताना नटाच्या खांद्याला इजा होऊ नये आणि तरीही ते भक्कम दिसावे, हा हिशोब कला-विभागातील सुतार करतो. प्रयोग फसला तर दुसरे दार तयार ठेवावे लागते. दार तोडणारा घरोघरी ठाऊक आहे. दार घडवणाऱ्याविषयी एकाही यादीत एक ओळ नाही. श्रेयनामावलीत त्याचे नाव आले तरी ते पुढच्या कार्यक्रमाच्या जाहिरातीसाठी चौकटीच्या एका कोपऱ्यात आकसून, वाचता येणार नाही अशा वेगाने सरकवण्याची रीत वाहिन्यांनी पाडली आहे. पडद्यामागील माहिती देण्याचा दावा करणाऱ्याने निदान या सुतारापासून सुरुवात करावयास नको काय?

या संदर्भात लोणावळ्यापासून दहा-बारा किलोमीटरांवरील एक जागा आठवते. कार्ल्याच्या चैत्यगृहात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे ब्राह्मी लेख आहेत. त्यांतील एक लेख सांगतो की वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने हे शैलगृह पूर्णत्वास नेले आणि ते जंबुद्वीपात सर्वोत्तम आहे. म्हणजे मावळातील विक्रमाची ही पहिली नोंद म्हणावयास हरकत नाही, आणि श्रेय श्रीमंताला जाण्याची रीतही तितकीच जुनी. पण त्याच लेण्यात दारापाशी दुसरा एक लेख आहे. धेनुकाकट येथील सामी नावाच्या सुताराने, वेणुवासाच्या मुलाने, हे दार केले असे तो लेख सांगतो. सुतारासाठी तिथे आलेला प्राकृत शब्द ‘वढकी’. विदर्भात सुताराला आजही वाढई म्हणतात, तो याच कुळातला. खांबाखांबांवर दात्यांची नावे आहेत, त्यांत धेनुकाकटचे यवनही आहेत. धनिकाची प्रौढी आणि सुताराचे नाव या दोन्ही गोष्टी त्या काळच्या दगडात शेजारी शेजारी मावल्या. आपल्या लेखनात केवळ पहिलीच मावते.

श्रेयाची गोष्ट निघालीच आहे तर एक नाव आम्हीही पुढे ठेवतो, आणि आमच्या मते या मालिकेच्या पडद्यामागील सर्वांत बोलकी माहिती तीच आहे. ‘सी.आय.डी.’चे जनक बी. पी. सिंग. ते पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले, पुढे दूरदर्शनवर छायाचित्रकार. पोलीस तपासांवरील ‘एक शून्य शून्य’ ही मराठी मालिका त्यांची आणि साटमही तीत होते, हे पुष्कळांच्या स्मरणात आहे. सिंग यांच्यासोबतचे दुसरे निर्माते मात्र सहसा याद्यांत येत नाहीत. ते प्रदीप उप्पूर. २०२३ साली त्यांचे निधन झाले. हेच उप्पूर गोविंद निहलानींच्या ‘अर्धसत्य’ (१९८३) या चित्रपटाच्या निर्मात्यांपैकी एक.

‘अर्धसत्य’ मराठी वाचकाला परका नाही. श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या कथेवर तो आधारलेला, पटकथा विजय तेंडुलकरांची, आणि त्यातील कविता दिलीप चित्रे यांची. अनंत वेलणकर हा प्रामाणिक फौजदार व्यवस्थेपुढे हतबल होतो, त्याचा संताप दुबळ्यांवर निघू लागतो, आणि एके रात्री पोलीस कोठडीत एक किरकोळ चोर त्याच्या मारहाणीत मरतो. पोलिसाचा हात उठतो तेव्हा तो कुणावर उठतो आणि कुणावर उठत नाही, हा त्या चित्रपटाचा प्रश्न. ज्या निर्मात्याच्या नावावर हा प्रश्न आहे, त्याच्याच नावावर पंधरा वर्षांनी अशी मालिका आली जिच्यात पोलिसाच्या थपडेने गुन्हेगार घडाघडा बोलू लागतो, ती थप्पड कधी चुकीच्या गालावर पडल्याचे शल्य कुणाला राहत नाही, आणि भागाच्या अखेरीस फाशीची शिक्षा न्यायाधीशाऐवजी एसीपी जाहीर करतो. ‘अर्धसत्य’मध्ये जे प्रश्नचिन्ह होते ते इथे टाळीचे वाक्य झाले. हा प्रवास कसा झाला? वाहिन्यांचे अर्थकारण, साप्ताहिक भागाची घाई, सेन्सॉरचे आणि पोलिसांच्या सहकार्याचे दडपण, की प्रेक्षकाचीच बदललेली भूक? याचे उत्तर आम्ही एका वाक्यात देऊ इच्छीत नाही. मात्र वेलणकर ते प्रद्युम्न या वाटेवर मराठी समीक्षेचे एक पुस्तक सहज उभे राहील, आणि ती वाट ज्यांना ठाऊक असावयास हवी ते दारे मोजत बसले आहेत.

इथे कुणी म्हणेल की मालिकेतील कायदा आणि खरा कायदा यांची गल्लत करू नका. गल्लत आम्ही करीत नाही, म्हणून तर दोन्ही शेजारी ठेवतो. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही, हे १८७२ च्या पुरावा कायद्याच्या २५ व्या कलमात होते. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते २३ व्या कलमात आहे. इंग्रजी अमलातील कायदा करणाऱ्यालाही ठाऊक होते की कोठडीत माणसाकडून काहीही वदवून घेता येते. या एका कलमाने मालिकेच्या बहुसंख्य भागांचा शेवट न्यायालयात कोसळेल. आणखी एक गोष्ट. महाराष्ट्र राज्य गुन्हे अन्वेषण विभागाचे, म्हणजे खऱ्या सी.आय.डी.चे, मुख्यालय पुण्यात आहे. पोलीस कोठडीतील मृत्यूंचा तपास राज्यात याच विभागाकडे दिला जातो. ज्या खात्याने कोठडीतील मारहाणीची चौकशी करावयाची, त्याच्याच नावाने वीस वर्षे मारहाण हे तपासाचे साधन म्हणून दाखवली गेली. ‘तुम्हांला हे ठाऊक आहे का?’ असे विचारण्याजोगी माहिती याहून दुसरी कोणती?

आणि लोणावळा? त्या विशेष भागाचे नाव ‘इनहेरिटन्स’, म्हणजे वारसा. लोणावळ्याचे नाव प्रत्येक यादीत येते, पण ‘चित्रीकरण स्थळ’ या रकान्यात. मुंबईच्या मालिकांना लोणावळा म्हणजे दोन तासांवरील बंगला, धुके आणि एक मृतदेह. द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाल्यावर चित्रीकरणाच्या गाड्यांना हा बंगला अधिकच जवळ आला. पुढे ‘बिग बॉस’च्या बहुतेक सुरुवातीच्या पर्वांचे घर लोणावळ्यात उभे राहिले, २०१८ साली मराठी ‘बिग बॉस’चे पहिले पर्वही तिथेच झाले. गंमत पाहा, अखंड चालणाऱ्या कॅमेऱ्याचे दोन प्रयोग एकाच गावात झाले. एकात जेवढे टिपले तेवढे सगळे दाखवले गेले. दुसऱ्यात रात्रंदिवस टिपून त्यातील तासाभराचे वेचून दाखवले गेले आणि त्यालाच वास्तव म्हटले गेले. कॅमेरा न थांबण्याने सत्य आपोआप हाती येत नाही, हे समजण्यासाठी लोणावळ्याइतके सोयीचे उदाहरण नाही. ते कुणी वापरल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

आणि त्या बंगल्याच्या कुंपणाबाहेर मावळ आहे. ९ ऑगस्ट २०११ रोजी पवना धरणाचे पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळातील शेतकरी बऊर येथे द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तिघे मृत्युमुखी पडले, त्यांत एक स्त्री होती. चौकशीसाठी आयोग नेमावा लागला, योजना पुढे वर्षानुवर्षे रखडली. पवनेच्या काठी धरणासाठी गावे उठली तेव्हापासूनचे पुनर्वसनाचे प्रश्न त्याहून जुने. २००४ च्या ऑक्टोबरात चित्रीकरणाच्या गाड्या या तालुक्यात आल्या, आणि सात वर्षांच्या आत इथलाच द्रुतगती मार्ग गोळीबाराच्या बातम्यांत आला. तेव्हाही मालिका चालू होतीच.

गोळीबाराला मालिका जबाबदार आहे, असा बाष्कळ आरोप आम्ही करीत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, जो प्रेक्षक वर्षानुवर्षे कधीही न चुकणारा पोलीस पाहत आला, त्याने बऊरची बातमी कोणत्या डोळ्यांनी पाहिली असेल, याची चौकशी कलाविचाराच्या कक्षेत येते. करमणूक डोळे घडवते. कीर्तनाने घडवले, तमाशाने घडवले, बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांनीही घडवले. दूरचित्रवाणीने घडवलेल्या डोळ्यांविषयी मात्र आम्ही बोलावयाचे नाही आणि फक्त आकडे सांगावयाचे, हा कुठला न्याय?

यावर तीन आक्षेप येतील. पहिला: साध्या गमतीच्या गोष्टीला एवढे गंभीर रूप का देता? याचे उत्तर असे की गंमत टिकून राहावी हीच आमची इच्छा आहे. ‘रोप’मधील सरकत्या भिंतींची गोष्ट कळल्यावर तो चित्रपट पाहण्याची गंमत वाढते, कारण ती माहिती आपल्याला दृश्याकडे परत नेते. ‘अमुक नट आधी तमुक होता’ ही माहिती दृश्यापासून दूर नेते. क्षुल्लक तपशील आणि मोलाचा तपशील यांतील फरक आकाराचा नसतो. तो तपशील आपल्याला कलाकृतीकडे नेतो की तिच्यापासून दूर, यावर ते ठरते.

दुसरा आक्षेप अभिमानाचा. हिंदीच्या बाजारात मराठी नटांनी उभी केलेली ही मालिका, साटम असोत की २०२३ च्या डिसेंबरात निवर्तलेले दिनेश फडणीस असोत, त्यांचे कौतुक करावयाचे सोडून तुम्ही दोष काढता? कौतुक जरूर करावे. पण कौतुक म्हणजे काय? फडणीसांनी फ्रेडरिक्सला दिलेला बावळट भाबडेपणा मराठी लोकनाट्यातील कोणत्या सोंगाड्याच्या घराण्यातला होता, शवागारात आणि चौकशीच्या खोलीत त्यांनी हसू कसे पेरले, हे सांगणे म्हणजे कौतुक. ‘आपला माणूस’ एवढे म्हणून थांबणे ही नुसती हजेरी झाली. नटाच्या जिवंतपणी त्याच्या कामावर दोन परिच्छेद लिहावयाचे नाहीत आणि तो गेल्यावर त्याच्या भागांची संख्या सांगावयाची, याला आदर म्हणवत नाही. एप्रिल २०२५ मध्ये कथानकात प्रद्युम्न मारला गेला तेव्हा वाहिनीने पात्राचीच श्रद्धांजली प्रसिद्ध केली, लोक खरोखर हळहळले, आणि पुढे ते पात्र परतलेही. काल्पनिक मृत्यूवर इतके लिहिले गेले, त्याच्या निम्मे तरी फडणीसांच्या अभिनयावर लिहिले जावयास हवे होते.

तिसरा आक्षेप सर्वांत व्यवहारी: वाचकाला हेच हवे असते. आम्हांला हे मान्य नाही. वाचकाला पडद्यामागे डोकवावयाचे असते, ही त्याची भूक खरी आहे आणि ती चांगली आहे. ज्या वस्तूवर आपण प्रेम करतो ती कशी घडली हे जाणण्याची ही इच्छा, समीक्षेचा उगमही तिच्यातच. त्या भुकेला तुम्ही चणे-फुटाणे देता आणि मग म्हणता की वाचकाला जेवण आवडत नाही.

तेव्हा आमची मागणी साधी आहे. यापुढे कुणी ‘सी.आय.डी.’विषयी पडद्यामागची गोष्ट सांगू लागला, तर त्याने तीन प्रश्नांची उत्तरे द्यावीत. हे काम कुणाच्या हातांनी झाले? त्या कामाने दृश्यात नेमके काय बदलले? आणि ते दृश्य ज्या भूमीवर, ज्या माणसांच्या शेजारी घडले, त्यांच्याशी त्याचे काय नाते? हे प्रश्न विचारले तर १११ मिनिटांतून कॅमेरा वाहणारा खांदा दिसेल, दारातून सुतार दिसेल, थपडेतून पानवलकर-तेंडुलकरांचा वेलणकर दिसेल आणि ‘लोणावळा’ या चार अक्षरांमागून मावळ दिसू लागेल. चित्रपटांवर लिहिताना आम्हीही कितीदा ‘कॅमेरा फिरतो’, ‘कॅमेरा थबकतो’ असे लिहिले आहे, जणू तो आपल्या पायांनी चालत होता. ती सवय सोडण्याची जबाबदारी आमच्यावरही येते.

पावसाळ्यात लोणावळ्याला जाणाऱ्यांची कमी नसते. त्यांच्यापैकी कुणाला तो भाग आठवला, बंगल्यांच्या रांगेत ‘ते घर कोणते’ असा शोध घ्यावासा वाटला, तर त्यात गैर काही नाही. परतताना मात्र वाट थोडी वाकडी करून कार्ल्याच्या पायऱ्या चढाव्यात आणि आत शिरण्यापूर्वी दारापाशी क्षणभर थांबावे. तिथे सामीचे नाव आहे.